डॉ. वेर्नर फोर्समान

मनुष्याच्या हृदयाविषयीं कवींनीं, संतांनीं व तत्त्ववेत्त्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु छातीच्या पिंजऱ्यांत रात्रंदिवस धडधडणाऱ्या त्या मुठीएवढ्या अवयवापर्यंत, मनुष्य जिवंत व शुद्धीवर असतांना, सुरक्षितपणें कसें पोहोंचावें हें वैद्यांस फार काळ उमगलें नव्हतें. हृदयांत बाहेरची एखादी वस्तु शिरली कीं तें थांबणारच, असें विसाव्या शतकाच्या आरंभींही अनेक वैद्यांस वाटत असे. ही भीति ज्या एका तरुण शस्त्रवैद्यानें स्वतःच्या देहावर प्रयोग करून खोटी ठरविली, त्या डॉ. वेर्नर फोर्समान ह्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें चरित्र लिहावयास घेतांना आम्हांस थोडा संकोच वाटला, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. शालेय अंकांत थोर पुरुषांचीं जीं चरित्रें छापलीं जातात, त्यांत आज्ञाधारकपणा, सदाचार व उद्योग ह्या गुणांचें दर्शन बहुधा एकत्र घडतें. फोर्समान ह्यांचा उद्योग अचाट होता. परंतु त्यांच्या हातून जें सर्वांत मोठें कार्य झालें, तें वरिष्ठांची आज्ञा मोडून झालें. शिवाय पुढील आयुष्यांत त्यांच्या हातून अशी एक चूक घडली कीं, ती झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं. म्हणून जें चांगलें तें आणि जें वाईट तेंही आम्ही येथें सरळपणें सांगणार आहों. त्यांतून काय घ्यावें व काय टाकावें, हें वाचकांनीं आपल्या विवेकानें ठरवावें.

वेर्नर थिओडोर ऑटो फोर्समान ह्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजीं जर्मनीची राजधानी बर्लिन येथें झाला. आईबापांचें हें एकुलतें एक अपत्य. मुलगा दहा वर्षांचा होतो न होतो तोंच पहिलें महायुद्ध पेटलें, आणि १९१६ सालीं त्याचे वडील ज्यूलिउस फोर्समान हे रणांगणावर पडले. बारा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाचें संगोपन आई एमी व आजी ह्या दोघींनीं केलें. युद्धांत व युद्धानंतर जर्मनींत अन्नाची टंचाई व महागाई किती झाली होती, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अशा दिवसांतही ह्या दोघी बायकांनीं मुलाच्या शिक्षणांत खंड पडूं दिला नाहीं. बर्लिनमधील आस्कानियन विद्यालयांतील अभ्यासक्रम संपवून १९२२ सालीं वेर्नर वैद्यकाच्या अध्ययनासाठीं बर्लिन विश्वविद्यालयांत दाखल झाला, आणि १९२९ सालीं सरकारी परीक्षा देऊन तो वैद्य झाला.

विद्यार्थिदशेंत त्यांच्या मनावर एका चित्राचा फार खोल ठसा उमटला होता. शोव्हो व मारे ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८६१ च्या सुमारास घोड्यावर कांहीं प्रयोग केले होते. घोड्याच्या मानेंतील मोठ्या शिरेंतून त्यांनीं एक लांब नळी त्याच्या हृदयापर्यंत नेली आणि हृदयाच्या कप्प्यांतील दाब मोजला. घोडा शांतपणें उभा आहे, त्याच्या मानेंतून नळी आंत गेलेली आहे व तिचें दुसरें टोंक यंत्रास जोडलेलें आहे, असें तें चित्र होतें. पुस्तकांतील असलीं चित्रें शेंकडों विद्यार्थी पाहतात व पान उलटतात. वेर्नर ह्यांनीं मात्र स्वतःस एक साधा प्रश्न विचारला: जें घोड्यास सोसलें तें मनुष्यास कां सोसूं नये?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. त्या काळीं एखाद्या रोग्याचें हृदय बंद पडूं लागलें, तर वैद्य एक लांब सुई बरगड्यांमधून थेट हृदयांत खुपशीत व तिच्यावाटे औषध सोडीत. सुई कोठें जात आहे हें दिसत नसे. तिनें फुप्फुस फाटे, हृदयास रक्त पुरविणारी वाहिनी छेदली जाई, किंवा हृदयाभोंवतींच्या पिशवींत रक्त सांचून रोगी त्यामुळेंच दगावे. प्राण वांचविण्यासाठीं केलेला उपाय प्राणघातक ठरण्याची अशी पाळी येई. फोर्समान ह्यांच्या मनानें घेतलें कीं, ह्याहून निर्धोक मार्ग निसर्गानें आधींच करून ठेवलेला आहे. गांवोगांवचे ओढे जसे अखेरीस नदीस मिळतात, तशा शरीरांतील लहानमोठ्या शिरा एकमेकींस मिळत मिळत हृदयाच्या उजव्या कप्प्यांत येऊन पोहोंचतात. कोपराच्या खोबणींतील शीर दंडांतून वर जाते, काखेंतून व गळपट्टीच्या हाडाखालून छातींत शिरते आणि मोठ्या महाशिरेस मिळते. त्या वाटेनें एक मऊ, लवचीक नळी हळूहळू पुढें सारली, तर छातीस भोंक न पाडतां हृदयापर्यंत औषध नेतां येईल, असा हा विचार होता.

परीक्षेनंतर ते बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्ड ह्या लहानशा शहरांतील रुग्णालयांत शस्त्रक्रियेचें शिक्षण घेऊं लागले. तेथील मुख्य शस्त्रवैद्य डॉ. रिखार्ड श्नायडर हे अनुभवी व प्रेमळ गृहस्थ होते. फोर्समान ह्यांनीं आपली कल्पना त्यांच्यापुढें मांडली व प्रयोगाची परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. रोग्यावर असा प्रयोग करणें तर शक्यच नव्हतें. तेव्हां स्वतःवर करूं द्यावा अशी त्यांनीं विनंति केली. तीही श्नायडर ह्यांनीं साफ नाकारली. नवऱ्यामागें एकट्यानें मुलगा वाढविणाऱ्या आईस, तिचा पुत्र आपल्या रुग्णालयांत अशा वेड्या साहसानें मेला, हें कोणत्या तोंडानें सांगावें, अशी चिंता त्या वडीलधाऱ्या गृहस्थास वाटली असल्यास त्यांत नवल नाहीं. येथें श्नायडर ह्यांस दोष देतां येत नाहीं, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

परंतु फोर्समान स्वस्थ बसले नाहींत. प्रयोगास लागणारीं निर्जंतुक उपकरणें शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिका गेर्डा डिट्सेन ह्यांच्या ताब्यांत असत. त्यांच्या संमतीवांचून कपाट उघडणें शक्य नव्हतें. फोर्समान ह्यांनीं त्यांच्याशीं वैद्यकाच्या गोष्टी करून, पुस्तकें वाचावयास देऊन, हळूहळू त्यांचा विश्वास संपादन केला. ह्या प्रयोगाचें महत्त्व त्या बाईंस इतकें पटलें कीं, तो आपल्यावरच करावा असें त्यांनीं स्वतः होऊन सुचविलें. आपल्या प्राणाची पर्वा न करणाऱ्या ह्या परिचारिकेचें नांव पुष्कळ ठिकाणीं उल्लेखिलेंच जात नाहीं. म्हणून तें आम्ही येथें आदरपूर्वक नमूद करतों.

१९२९ च्या उन्हाळ्यांतील एके दिवशीं दुपारीं, रुग्णालय विश्रांति घेत असतांना, ते दोघे शस्त्रक्रियेच्या खोलींत गेले. पुढील हकीकत फोर्समान ह्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. त्यांनीं बाईंस मेजावर निजविलें व हातपाय पट्ट्यांनीं बांधले. त्यांच्या हातावर औषध लावून आतां प्रयोग सुरू होणार असा देखावा केला. आणि त्यांची दृष्टि चुकवून स्वतःच्या डाव्या कोपराची खोबण बधिर केली. तेथील शीर उघडी करून त्यांनीं मूत्रविकारांत वापरतात ती बारीक नळी आंत घातली व ती सुमारें एक फूट वर सरकविली. मग त्यांनीं बाईंचे बंध सोडले. आपण फसविले गेलों हें कळतांच त्या संतापल्या. परंतु काम अर्ध्यावर आलें होतें. तें पुरें करण्यास क्ष-किरणांचें यंत्र पाहिजे होतें, आणि तें इमारतीच्या तळमजल्यावर होतें. हातांत नळी खोंवलेली, अशा स्थितींत फोर्समान परिचारिकेसह जिने उतरून चालत तेथें गेले.

तेवढ्यांत त्यांचे सहकारी डॉ. पेटर रोमाइस धांवत आले, आणि मित्राचा जीव वांचविण्याच्या हेतूनें ती नळी उपटून काढूं पाहूं लागले. त्यांस दूर सारून फोर्समान क्ष-किरणांच्या पडद्यामागें उभे राहिले. परिचारिकेनें समोर आरसा धरला. त्या आरशांत पडद्यावरील आपल्याच छातीची छाया पाहत पाहत त्यांनीं नळी पुढें लोटली. खांद्यावरून, गळपट्टीच्या हाडाखालून, छातींत आणि अखेरीस हृदयाच्या उजव्या बाजूंत तिचें टोंक पोहोंचलें. पासष्ट सेंटिमीटर नळी आंत गेली होती. शिरेंत थोडी ऊब जाणवली. ह्यापलीकडे म्हणण्यासारखा त्रास झाला नाहीं. हृदय थांबलें नाहीं. त्यांनीं लगेच क्ष-किरण छायाचित्र काढवून घेतलें. तें छायाचित्र हाच त्यांच्या विजयाचा खरा पुरावा होय. शिरेंत नळ्या घालण्याचे कांहीं प्रयत्न ह्यापूर्वींही झाले होते. परंतु नळीचें टोंक जिवंत मनुष्याच्या हृदयांत आहे, हें सर्व जगास पाहतां येईल असें चित्र त्यांत कोणापाशींही नव्हतें.

श्नायडर ह्यांस हें समजलें तेव्हां ते रागावले, आणि तें योग्यच होतें. परंतु चित्र पाहिल्यावर त्या थोर मनाच्या वैद्यानें कार्याचें मोल ओळखलें. पुढें मरणाच्या दारीं असलेल्या एका स्त्रीस ह्याच मार्गानें औषध देण्याची अनुज्ञाही त्यांनीं दिली. ती स्त्री वांचली नाहीं. परंतु नळीवाटे दिलेल्या औषधाचा गुण अधिक काळ टिकतो असें दिसून आलें. ५ नोव्हेंबर १९२९ रोजीं फोर्समान ह्यांचा निबंध जर्मनींतील एका प्रमुख वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. त्या वेळीं ते बर्लिनच्या सुप्रसिद्ध शारिटे रुग्णालयांत प्रख्यात शस्त्रवैद्य झाउअरब्रुख ह्यांच्या हाताखालीं काम करावयास गेले होते. वर्तमानपत्रांनीं ह्या गोष्टीचा गवगवा केला, तर विद्वानांनीं तिची टवाळी केली. हें शास्त्र नव्हे, डोंबाऱ्याचा खेळ आहे, असा मोठमोठ्यांचा सूर होता. फोर्समान ह्यांस शारिटे सोडावें लागलें व ते पुन्हां एबर्सवाल्डला आले.

तरीही त्यांनीं प्रयत्न सोडला नव्हता. क्ष-किरणांत ठळक दिसणारें द्रव्य नळीवाटे हृदयांत सोडल्यास हृदयाच्या आंतील आकृति दिसूं शकेल, असें त्यांस वाटलें. प्रथम कुत्र्यांवर व मागाहून स्वतःवर त्यांनीं तसे प्रयोग केले आणि १९३१ सालीं ते प्रसिद्धही केले. त्याहि वेळीं कोणी लक्ष दिलें नाहीं. पुन्हांपुन्हां कापल्यामुळें त्यांच्या हातांच्या शिरा निकामी होत चालल्या. पाठीशीं गुरु नाहीं, प्रयोगशाळा नाहीं, पैसा नाहीं. अखेरीस त्यांनीं हृदयाचा विषय बाजूस ठेवला व मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियेचा व्यवसाय पत्करला. १९३३ सालीं त्यांचा विवाह डॉ. एल्स्बेट एंगेल ह्या वैद्यक जाणणाऱ्या विदुषीशीं झाला. ह्या दांपत्यास सहा अपत्यें झालीं. ड्रेस्डेन व बर्लिन येथील रुग्णालयांत त्यांनीं वरच्या जागांवर काम केलें.

आतां ज्या चुकीचा आरंभीं उल्लेख केला तिच्याविषयीं. १९३२ सालीं, म्हणजे हिटलरच्या हातीं सत्ता येण्यापूर्वींच, फोर्समान नाझी पक्षाचे सदस्य झाले. ह्या पक्षानें १९३३ पासून ज्यू वैद्यांस जर्मन रुग्णालयांतून हुसकून लावलें आणि पुढें लक्षावधि निरपराध ज्यूंचा संहार केला. दुर्बल व मतिमंद मुलांस ठार मारण्याचें काम त्याच राजवटींत कांहीं वैद्यांनीं केलें. असल्या कृत्यांत फोर्समान ह्यांचा हात होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मनुष्यानें आपल्या वरिष्ठाची एक आज्ञा मोडण्याचें धैर्य दाखविलें, त्यानें ह्या घोर अन्यायाच्या पक्षांत नांव नोंदविलें आणि राजवट संपेपर्यंत तें राहूं दिलें, हें वाचून कोणाही सज्जनाचें मन खिन्न होईल. शरीराचें धैर्य व विवेकाचें धैर्य हीं दोन भिन्न आहेत. पहिलें असलें म्हणजे दुसरें असतेंच असें नाहीं. आमच्या मतें ह्या चरित्रांतील सर्वांत कठीण धडा हाच होय.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं सैन्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलें. शेवटीं ते अमेरिकन सैन्याच्या हातीं सांपडले आणि १९४५ सालीं बंदिवासांतून सुटले. पक्षाच्या सदस्यत्वामुळें कांहीं काळ त्यांस वैद्यकी करण्यास बंदी होती. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांतील श्वार्त्सवाल्ड ह्या डोंगराळ अरण्यप्रदेशांत त्यांची पत्नी खेड्यांतील लोकांची वैद्यकी करी. पुढें तेही तिच्याबरोबर तेंच काम करूं लागले. १९५० पासून बाट क्रॉइत्स्नाख ह्या गांवीं त्यांनीं मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. वीस वर्षांपूर्वींच्या त्या प्रयोगाची आठवण काढण्यास त्यांच्या भोंवतालीं फारसे कोणी नव्हतें.

इकडे समुद्रापलीकडे मात्र त्यांनीं पेरलेलें बीं उगवून आलें होतें. न्यूयॉर्क शहरांतील बेलव्ह्यू रुग्णालयांत आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स ह्या दोन वैद्यांनीं फोर्समान ह्यांचा निबंध वाचला होता. प्राण्यांवर अनेक प्रयोग करून, मोठ्या सावधगिरीनें, १९४१ पासून त्यांनीं मनुष्यांच्या हृदयांत नळी घालून रक्ताचा दाब व प्रवाह मोजण्याची पद्धति बसविली. रक्तस्राव होऊन निपचित पडलेल्या मनुष्याच्या हृदयाची काय अवस्था होते, हें त्यामुळें प्रथमच नीट कळलें. जन्मतःच ज्यांच्या हृदयास छिद्र किंवा दुसरें कांहीं व्यंग असतें, अशा बालकांच्या रोगाचें अचूक निदान करण्यासही ही नळी उपयोगी पडूं लागली. १९४४ सालीं बाल्टिमोर येथें हेलन टॉसिग व आल्फ्रेड ब्लॅलॉक ह्यांच्या पुढाकारानें, शरीर निळें पडणाऱ्या बालकांवर शस्त्रक्रियेस आरंभ झाला. असल्या शस्त्रक्रियांचें क्षेत्र पुढें जें विस्तारलें, त्यास हृदयाच्या आंतील खरी स्थिति आधीं जाणून घेण्याच्या ह्या साधनाची मोठी मदत झाली.

१९५६ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक कूर्नां, रिचर्ड्‌स व फोर्समान ह्या तिघांस विभागून देण्यांत आलें. लहान गांवांतील एक मूत्ररोगतज्ज्ञ एका दिवसांत जगप्रसिद्ध झाला. प्रयोग केला तेव्हां त्यांस पंचविसावें वर्ष पुरें होत होतें; मान मिळाला तेव्हां त्यांनीं बावन्नावें ओलांडलें होतें. मधल्या सत्तावीस वर्षांत हृदयाचें शास्त्र इतकें पुढें गेलें होतें कीं, त्यांत पुन्हां आरंभ करणें त्यांस शक्य नव्हतें. आपण ज्या झाडाचें बीं लाविलें त्याचीं फळें दुसऱ्यांनीं काढलीं, ही खंत त्यांच्या मनांत राहिली असल्यास आश्चर्य नाहीं. १९५८ सालीं ड्युसेलडॉर्फ येथील ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या रुग्णालयांत ते शस्त्रक्रियाविभागाचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर ते पुन्हां श्वार्त्सवाल्डच्या परिसरांत जाऊन राहिले, आणि १ जून १९७९ रोजीं शॉप्फहाइम येथें त्यांचें निधन झालें. ज्या हृदयावर त्यांनीं नळी नेली होती तेंच हृदय वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं थकून थांबलें.

त्यांच्या कार्याचा उपयोग आज कोठें होतो, हें आमच्या पालकवाचकांनीं विशेषेंकरून जाणून घ्यावें. कोणाचें मूल अत्यवस्थ असलें, म्हणजे वैद्य सांगतात कीं, त्याच्या मानेंतील, गळपट्टीच्या हाडाखालील किंवा जांघेंतील मोठ्या शिरेंत नळी घालावी लागेल. हें ऐकून आईबापांच्या पोटांत गोळा उठतो. परंतु ह्यामागील कारण समजलें तर भीति कांहींशी कमी होते. हातावरच्या शिरा बारीक असतात. तीव्र औषधांनीं त्यांचा दाह होतो व त्या लवकर निकामी होतात. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेंत रक्ताचा ओघ जोराचा असल्यानें तेंच औषध क्षणांत मिसळून सौम्य होतें. १९६८ सालीं अमेरिकेंतील विल्मोर व डड्रिक ह्या शस्त्रवैद्यांनीं एका तान्ह्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचें आंतडें जन्मतःच इतकें सदोष होतें कीं, तोंडानें घेतलेलें अन्न तिच्या अंगीं लागणें शक्य नव्हतें. मोठ्या शिरेंत घातलेल्या नळीवाटेंच सर्व पोषण देऊन त्यांनीं तिला अनेक महिने जगविलें व वाढविलें. एबर्सवाल्ड येथील त्या दुपारचा हा केवढा दूरवर पोहोंचलेला परिणाम!

तथापि लहान मुलाच्या मानेंत सुई घालणें ही सोपी गोष्ट नव्हे. तान्ह्या मुलाची ती मोठी शीर कांहीं मिलिमीटर रुंदीची असते. तिला लागूनच मेंदूकडे जाणारी धमनी असते व खालीं फुप्फुसाचें टोंक असतें. पूर्वीं वैद्य बाहेरून हाडांच्या व स्नायूंच्या खुणा पाहून अंदाजानें सुई घालीत. अंदाज चुकला तर धमनीस इजा होई, किंवा छातींत हवा शिरून फुप्फुस दबे. हल्लीं ह्या कामीं सोनोग्राफीचें साहाय्य घेतात. आपल्या कानांस ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म ध्वनि शरीरांत सोडून त्याच्या परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून हें यंत्र आंतील चित्र पडद्यावर उमटवितें. शीर व धमनी दोन्ही त्यांत काळ्या वर्तुळांप्रमाणें दिसतात. वरून हलकेंच दाबलें कीं शीर चपटी होते. धमनी तशी सहज दबत नाहीं व ठोक्यागणिक उडत राहते. ह्यावरून कोणती कोणती हें ओळखून वैद्य सुईच्या चकाकणाऱ्या टोंकावर नजर ठेवून ती शिरेंत घालतात. २००२ सालीं ब्रिटनमधील राष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेनें मानेंतील शिरेकरितां, मोठ्यांप्रमाणें मुलांच्या बाबतींतही, ही पद्धति वापरावी अशी शिफारस केली. हातांची स्वच्छता व अनुभव ह्यांची गरज त्यामुळें कमी होत नाहीं, आणि धोका मुळींच उरत नाहीं असेंही नाहीं. परंतु आंधळेपणानें करावयाचें काम आतां डोळसपणें करतां येतें. फोर्समान ह्यांनीं आरशांत पाहून आपली नळी पुढें नेली, त्यांतही हेंच तत्त्व होतें.

आतां एक प्रश्न आमच्या चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या मनांत खचित आला असेल. वरिष्ठांची आज्ञा मोडून जर नोबेल पारितोषिक मिळतें, तर आम्हीं शिक्षकांचें व वडील माणसांचें कां ऐकावें? प्रश्न योग्य आहे व त्यास टाळाटाळीचें उत्तर देणें बरें नव्हे. फोर्समान ह्यांनीं आज्ञा मोडली, आणि एका विश्वासू परिचारिकेस फसविलें, हे दोष होतच. परंतु त्यांनीं जो धोका पत्करला तो दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत घातला नाहीं. दुसरी व्यक्ति आपण होऊन देह पुढें करीत असतांनाही त्यांनीं तो स्वतःच्याच देहावर घेतला. वर्षानुवर्षें अभ्यास करून, शरीराची रचना नीट जाणून मगच हें पाऊल त्यांनीं टाकलें. केलेलें कृत्य लपविलें नाहीं. त्याचें चित्र व वृत्तांत सर्वांपुढें ठेवला, आणि त्याबद्दल जें सोसावें लागलें तें सोसलें. नुसत्या हूडपणानें भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलांत व त्यांच्यांत हा फरक आहे. असें असलें तरी, आजच्या वैद्यकाच्या नियमांप्रमाणें कोणताही प्रयोग समितीच्या अनुमतीवांचून करतां येत नाहीं, आणि हे नियम होण्यास नाझी राजवटींतील वैद्यांचीं दुष्कृत्येंच कारण झालीं. १९४७ सालीं न्यूरेंबर्ग येथील न्यायालयानें अशा वैद्यांस शिक्षा ठोठावतांना, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेची संमति अवश्य पाहिजे, असें तत्त्व घालून दिलें.

परमेश्वर आपलीं कामें निर्दोष माणसांकडूनच करवून घेता, तर जगांत फारच थोडीं कामें झालीं असतीं. फोर्समान ह्यांच्या ठायीं साहस होतें, चिकाटी होती, आणि विवेकाच्या बाबतींत मोठी उणीवही होती. त्यांचें साहस आज कितीतरी रुग्णालयांत, रात्रीच्या वेळीं, एखाद्या आजारी मुलाच्या खाटेपाशीं उपयोगास येत आहे, आणि त्या मुलास त्यांचें नांवही ठाऊक नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें वैद्य होतील, कांहीं परिचारिका होतील. त्यांनीं ह्या चरित्रांतून जिज्ञासा घ्यावी, स्वतः धोका पत्करून दुसऱ्यास वांचविण्याची वृत्ति घ्यावी, आणि त्याबरोबरच, अन्याय समोर दिसत असतां त्याच्या रांगेंत उभें न राहण्याचें बळ ईश्वराजवळ मागावें, एवढीच आमची इच्छा आहे.